गाडीवरचा खोल ओरखडा घरी कसा भरावा

आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आहे, रबिंग कंपाउंडने (घासून गुळगुळीत करणाऱ्या पेस्टने) भागेल. अडकलं तर रंग भरावा लागेल.

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं 'पांढरा' सांगून टच-अप बाटली (ओरखडे भरायच्या रंगाची छोटी बाटली) आणू नका, पांढऱ्यातही छटा असतात.

जागा शाम्पूने धुवा, वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुनं वॅक्स राहिलं तर रंग धरत नाही. पत्रा उघडा पडून गंजला असेल तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त गंज घासा, मग प्रायमर. गंज तसाच झाकला तर काही महिन्यांत रंग फुगतो. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, पण तिथे प्लास्टिकचाच प्रायमर लागतो.

बाटलीतला ब्रश जाड असतो. टूथपिकने रंग चरीतच सोडा. एक जाड थर देण्याचा मोह टाळा: वरून सुकतो, आत ओला राहतो, नंतर खचतो. तीन-चार पातळ थर, मध्ये अर्धा-अर्धा तास. शेवटी क्लिअर कोट, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित उंच. पावसाळी दमट हवेत तो दुधाळ पडतो, म्हणून कोरडा दिवस निवडा.

आठवडाभर थांबा. मग 2000, नंतर 3000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून उंचवटा सपाट करा. दाराच्या कडांवर क्लिअर कोट पातळ असतो, तिथे घासू नका. वर कंपाउंड, पॉलिश. वॅक्स महिन्याने.