जावा ॲपमध्ये फीचर फ्लॅग लावायला बसायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

आमचं ऑफिस महापेला, आणि ज्यांच्यासाठी ॲप चालवतो ती मंडळी तुर्भ्याच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमधले गाळेवाले. बिल, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी), सगळं आमच्या स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) ॲपमधून निघतं. आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टीमला पुढच्या आठवड्यात त्यांच्या ॲपमध्ये फीचर फ्लॅगची (म्हणजे नवीन कोड ॲप पुन्हा न टाकता चालू-बंद करायचा स्विच) लायब्ररी लावायचीय, त्यांनी विचारलं की काय तयारी करून बसू, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. लायब्ररी लावणं तसं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पॉममध्ये (बिल्डच्या फाईलमध्ये) डिपेन्डन्सी टाकली, फ्लॅगच्या नावांचा एक इनम लिहिला, एक इफ लावला की डेमो चालतो. पण फ्लॅग चालू करताना कोणाचंच काही अडत नाही हो, अडतं ते गडबड झाल्यावर बंद करताना, सकाळी मार्केट भरात असताना. त्यामुळे खाली जे जे लिहिलंय ते बहुतेक सगळं त्या बंद करण्याचीच तयारी आहे.

पहिलं, व्हर्जन बघून घ्या, यात उगाच दिवस जातो. आम्ही टॉगल्झ ही जावाची फ्लॅग लायब्ररी वापरतो. त्याची ४ ची लाईन स्प्रिंग बूट ३ साठी आहे, म्हणजे जावा १७ तरी पाहिजे, आणि तुमचं ॲप अजून बूट २ वर असेल तर टॉगल्झ ३ घ्या, नाहीतर जावाएक्स आणि जकार्ता या जुन्या-नव्या पॅकेजनावांच्या भांडणात अडकाल. पुढेमागे विकतची फ्लॅग सर्व्हिस घ्यायचा विचार असेल तर ओपनफीचर या फ्लॅगच्या खुल्या स्टँडर्डकडे एकदा बघा, ते २०२२ मध्ये सीएनसीएफ या ओपन सोर्स फाउंडेशनमध्ये आलं आणि २०२३ मध्ये तिथल्या इन्क्युबेटिंग टप्प्याला गेलं, त्याचा जावा एसडीके म्हणजे मधला थर आहे, मागचा प्रोव्हायडर (फ्लॅगचं उत्तर देणारी सर्व्हिस) बदलला तरी तुमच्या कोडला हात लावावा लागत नाही. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी फ्लॅग विचारताना डिफॉल्ट व्हॅल्यू द्यावीच लागते, प्रोव्हायडर पडला तर तीच परत येते. म्हणजे 'फ्लॅग मिळालाच नाही तर काय' याचं उत्तर कोड लिहितानाच द्यावं लागतं. टॉगल्झमध्ये इनमवर वेगळं काही लिहिलं नाही तर फ्लॅग बंदच धरला जातो, ते चांगलंय, पण टीममध्ये कोणी 'एनेबल्ड बाय डिफॉल्ट' लावलेलं दिसलं तर त्याला का म्हणून विचारा.

मग फ्लॅगची स्थिती कुठे राहणार ते ठरवा, आणि हे कोड लिहायच्या आधी ठरवा. टॉगल्झच्या स्टार्टरला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तो सगळं मेमरीत ठेवतो, म्हणजे कन्सोलवरून (टॉगल्झचं फ्लॅग चालू-बंद करायचं वेब पान) फ्लॅग बंद केला, सगळे खूश, रात्री ॲप रीस्टार्ट झालं आणि फ्लॅग पुन्हा जिथल्या तिथे. फाईलमध्ये ठेवायचं तर एका सर्व्हरपुरतं ठीक आहे, दोन सर्व्हर झाले की दोन फाईली आणि दोन मतं. आम्ही डेटाबेसमध्ये ठेवतो. त्यासाठीची जेडीबीसीवाली रिपॉझिटरी (फ्लॅगची स्थिती डेटाबेसमध्ये ठेवणारा क्लास) पहिल्यांदा चालताना टेबल स्वतःच बनवायला जाते, टेबलाचं नावच टॉगल्झ, आणि प्रॉडक्शनच्या डेटाबेस युजरला टेबल बनवायची परवानगी बहुतेक नसतेच, नसावीही. तर डीबीएला आधी गाठा, फ्लायवे या टूलच्या मायग्रेशनमध्ये (टेबल बदलायच्या स्क्रिप्टमध्ये) ते टेबल घाला, आणि रिपॉझिटरीला सांगा की बाई तू बनवू नकोस.

आता कॅश, म्हणजे एकदा आणलेलं उत्तर मेमरीत धरून ठेवणं. इथे जरा थांबून वाचा कारण याच ठिकाणी आम्ही पोळलोय. जेडीबीसी रिपॉझिटरी प्रत्येक वेळी फ्लॅग विचारला की डेटाबेसला क्वेरी मारते, म्हणून आपण समोर कॅश लावतो, बरोबरच आहे. पण टॉगल्झच्या कॅशला किती वेळ जुनं चालेल ते सांगितलं नाही तर ते जुनं कायमचं चालतं, त्याच सर्व्हरवरून फ्लॅग बदलला तरच त्याला कळतं. आमचे दोन सर्व्हर होते, पुढे रिक्वेस्ट दोघांत वाटणारा लोड बॅलन्सर. गेल्या वर्षी एका सकाळी नवीन हमालीचा हिशोब चुकतोय असं कळलं, मी कन्सोलवरून फ्लॅग बंद केला, माझ्या स्क्रीनवर बंद दिसला, आणि तरी पुढचा जवळजवळ पाऊण तास निम्मी बिलं नवीन हिशोबाने निघत राहिली, कारण दुसऱ्या सर्व्हरला पत्ताच नव्हता. एका गाळ्यावर एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्यांच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या दराने निघाल्या, तो माणूस जुन्नरहून रात्रभर गाडीत बसून आलेला, त्याला मी काय कॅश समजावणार. तेव्हापासून आमच्याकडे कॅशची मुदत दहा सेकंद, आणि फ्लॅग बदलल्यावर प्रत्येक सर्व्हरला वेगळं विचारून बघायचं, लोड बॅलन्सरमधून नाही. त्यासाठी स्प्रिंगच्या ॲक्च्युएटरचा (ॲपची आतली स्थिती दाखवणारा भाग) टॉगल्झवाला एंडपॉइंट आतल्या नेटवर्कवर उघडा ठेवा, बाहेर नको.

त्याला लागूनच अजून एक. फ्लॅग लूपच्या आत विचारू नका. चारशे ओळींचं बिल असेल आणि दर ओळीला फ्लॅग विचारला तर मध्येच कोणी फ्लॅग बदलल्यावर दोनशे ओळी जुन्या आणि दोनशे नव्या. रिक्वेस्ट सुरू होताना एकदा विचारा, उत्तर व्हेरिएबलमध्ये धरा, तेच खालपर्यंत न्या. मी तर म्हणतो इफसुद्धा एकाच जागी ठेवा, हमाली काढायचा एक इंटरफेस, त्याचे जुना आणि नवा असे दोन क्लास, आणि कुठला वापरायचा ते ठरवणारी एकच जागा, म्हणजे नंतर फ्लॅग काढताना जुना क्लास उडवला की काम संपलं. आणि स्प्रिंगच्या कंडिशनल ऑन प्रॉपर्टीला फ्लॅग समजू नका, ते ॲप उठताना एकदाच ठरतं, नंतर प्रॉपर्टी बदलून उपयोग नाही.

डेटाचं काय करणार हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि बरेच जण तो विचारतच नाहीत. समजा हमाली आत्तापर्यंत गोणीमागे लागायची आणि नव्या कोडमध्ये वजनावर लागणार. फ्लॅग चालू केला, तीन दिवसांत शेकडो बिलं नव्या पद्धतीने पडली, चौथ्या दिवशी फ्लॅग बंद केला. आता पाचव्या दिवशी गाळेवाला म्हणतो, परवाच्या पट्टीची कॉपी काढून दे. तुमचा कोड फ्लॅग बघून हिशोब करत असेल तर ती पट्टी आता जुन्या हिशोबाने छापली जाईल, आकडा वेगळा, आणि सहीची पहिली पट्टी शेतकऱ्याच्या खिशात. म्हणून फ्लॅग फक्त बिल जन्माला येताना विचारायचा आणि कुठला हिशोब लागला ते त्या बिलाच्या ओळीतच लिहून ठेवायचं, नंतर छपाई, रिपोर्ट, दुरुस्ती, सगळ्यांनी त्या कॉलमकडे बघायचं, फ्लॅगकडे नाही. हा एक कॉलम टाकायला दहा मिनिटं लागतात, नंतर टाकायचा झाला तर मात्र जुनी बिलं एकेक उघडून कुठलं कुठल्या पद्धतीचं ते शोधत बसावं लागतं.

टेबलात बदल असेल तर तो फ्लॅगच्या आधी वेगळ्या रिलीजमध्ये जाऊ द्या. नवीन कॉलम आधी रिकामा चालेल असा घाला, जुना कॉलम तसाच राहू द्या, नवीन कोडने दोन्हीकडे लिहावं, आणि फ्लॅग कायमचा चालू होऊन जुना कोड निघाल्यावरच जुना कॉलम उडवा. फ्लॅग बंद केल्यावर जुना कोड नव्या डेटाला बघून अडखळणार असेल तर तो फ्लॅग नुसता नावाला आहे.

कोणाला आधी दाखवायचं, याची यादी धंद्याच्या लोकांकडून घ्या. टॉगल्झमध्ये युजरच्या नावावर, आयपीवर, तारखेवर आणि टक्क्यांवर चालू करायच्या पद्धती तयार आहेत. टक्केवारीची पद्धत युजरच्या नावाचा हॅश (नावावरून निघणारा ठरलेला आकडा) घेते, त्यामुळे एका माणसाला दर वेळी एकच बाजू दिसते, हे छान. पण आमच्या गाळ्यावर मालक, मेहताजी आणि त्यांचा मुलगा असे तीन लॉगिन, टक्क्याने लावलं तर मेहताजीला नवीन स्क्रीन आणि मालकाला जुनी, मग दोघं एकमेकांना खोटं पाडतात. म्हणून आम्ही गाळा नंबरवर चालणारी स्वतःची पद्धत लिहिली, इंटरफेस छोटाच आहे, आयडी, नाव, पॅरामीटर आणि चालू की बंद हे सांगणारी मेथड, एवढंच. तुमच्याकडे गाळ्याच्या जागी शाखा असेल, सोसायटी असेल, शाळा असेल, पण एकत्र बसून काम करणारी माणसं एकाच बाजूला पडली पाहिजेत.

आणि हे विसरू नका की युजर कोण ते टॉगल्झला थ्रेडवरून कळतं. स्प्रिंग सिक्युरिटीचा युजर वापरत असाल तर असिंक (मागे वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या) मेथडमध्ये आणि रात्रीच्या शेड्यूल केलेल्या जॉबमध्ये तो युजर नसतोच, मग नावावरची आणि टक्क्यांची पद्धत सरळ 'बंद' म्हणते, कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. दिवसा स्क्रीनवर नवा हिशोब आणि रात्रीच्या समरीत जुना. तुमच्या ॲपमधले असे सगळे जॉब आधी कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकाला फ्लॅगचं उत्तर कुठून मिळणार ते समोर लिहा.

कन्सोलची किल्ली कोणाकडे, हेही लिहून ठेवा. कन्सोल डिफॉल्टने सुरक्षित असतो, डेव्हलपमेंटमध्ये कंटाळून कोणीतरी ती सिक्युरिटी बंद करतं आणि तीच प्रॉपर्टी प्रॉडक्शनला जाते, तर प्रॉडक्शनची प्रॉपर्टी फाईल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्याकडे दोघांना परवानगी आहे, एक मी आणि एक सपोर्टची ताई जी ठाण्याहून पहिल्या ट्रान्स-हार्बर गाड्यांपैकी एक पकडून सगळ्यांच्या आधी पोचते, कारण गडबड सकाळी होते आणि मी साडेनऊला येतो. कोणी कधी काय बदललं याची नोंद मात्र त्या टेबलात राहत नाही, तिथे फक्त आत्ताची स्थिती असते, म्हणून रिपॉझिटरीभोवती एक छोटा क्लास गुंडाळून प्रत्येक बदल वेगळ्या टेबलात लिहा.

टेस्टचं थोडक्यात. टॉगल्झच्या जेयुनिट एक्स्टेन्शनमध्ये सगळे फ्लॅग चालू आणि सगळे बंद अशी दोन्ही ॲनोटेशन आहेत, महत्त्वाच्या टेस्ट दोन्हींनी चालवा. फ्लॅगची सगळी कॉम्बिनेशन तपासायला जाऊ नका, दहा फ्लॅगची १०२४ होतात. जे दोन फ्लॅग एकाच बिलाला हात लावतात तेवढी जोडी तपासा.

नावं आणि आयुष्य. फ्लॅगचं नाव एकदा वापरलं की पुन्हा दुसऱ्या कामाला वापरायचं नाही, कधीच. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीने १ ऑगस्ट २०१२ ला नव्या कोडसाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही, तिथे तो फ्लॅग चालू झाल्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. मी हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, कारण त्यात तिन्ही गोष्टी आहेत, जुनं नाव, न काढलेला कोड आणि मागे राहिलेला सर्व्हर.

म्हणून इनममध्ये प्रत्येक फ्लॅगवर लेबल मराठीत लिहा म्हणजे ताईला कन्सोलवर कळेल, मालक कोण ते ओनर ॲनोटेशनमध्ये टाका, आणि हा फ्लॅग जाणारा आहे की राहणारा ते तिथेच कॉमेंटमध्ये लिहा. एसएमएस गेटवे अडकला की एसएमएस थांबवायचा फ्लॅग हा राहणारा, तो दर तीन महिन्यांनी मुद्दाम बंद-चालू करून बघा नाहीतर गरजेच्या दिवशी चालणार नाही. नवीन हमालीसारखा फ्लॅग जाणारा, त्याच्यासाठी फ्लॅग बनवतानाच 'फ्लॅग काढणे' असं दुसरं टिकेट बनवा, त्यावर तारीख आणि माणसाचं नाव घाला. आमच्याकडे एक टेस्ट आहे जी इनममधल्या जाणाऱ्या फ्लॅगची तारीख उलटली की बिल्डच पाडते, सुरुवातीला टीममध्ये कुरकुर झाली, पण आता इनममध्ये सात फ्लॅग आहेत, आधी एकतीस होते.

पहिला फ्लॅग लावाल तो बिलाला न लागणारा घ्या, रिपोर्टच्या स्क्रीनवरचं एखादं बटण वगैरे. दुपारी मार्केट थंडावल्यावर चालू करा, लगेच बंद करा, दोन्ही सर्व्हरवर बघा, एक सर्व्हर रीस्टार्ट करा, पुन्हा बघा, डेटाबेसचं कनेक्शन तोडून बघा की ॲप काय उत्तर देतं. किती सेकंदांत बंद झाला तो आकडा लिहून सपोर्टच्या टेबलावर चिकटवा. आमच्या टेबलावरच्या कागदावर बारा सेकंद लिहिलंय, आणि त्याखाली माझा आणि ताईचा एक्स्टेन्शन नंबर.