कामगार संघटनेचा अनेक वर्षांचा हिशेब कसा लावावा

सोलापुरातील कापडगिरण्या बंद पडल्या, तरी गिरणी, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटनांची जुनी दप्तरे अजून कपाटांत आहेत. त्यांवरून संघटनेची आर्थिक वाटचाल मांडायची असेल, तर कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), पावतीपुस्तके, पासबुके आणि निबंधकांकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठविलेली वार्षिक विवरणपत्रे वर्षवार लावून घ्यावीत. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार, 1964 च्या दुरुस्तीनंतर, विवरणपत्राचे वर्ष 31 डिसेंबरला संपत असे, तर कारखान्याचे कागद बहुधा 31 मार्चचे असतात, हे आकडे जुळविताना विसरू नये.

खरी कसोटी सभासदांच्या वर्गणीत आहे. विवरणपत्रातील एकूण जमा उचलून तक्ता करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. विडी कामगार महिलेची मजुरी हजार विड्यांच्या दरावर ठरते. पान-तंबाखू कमी मिळाले की मजुरी घटते आणि वर्गणी तुंबते. ती पुढे बोनस किंवा फरकाची रक्कम (वाढीव मजुरीची मागील बाकी) हाती आल्यावर एकदम भरली जाते आणि कीर्दीत त्याच दिवशी जमा होते. त्यामुळे ज्या वर्षी काम कमी होते ते वर्ष आणखी रोडावलेले दिसते व पुढचे वर्ष उगाच भरभराटीचे वाटते.

यासाठी पावतीच्या स्थळप्रतीवरील तारीख नव्हे, तर ‘कोणत्या महिन्यांची वर्गणी’ हा रकाना वाचावा. कार्बनची अक्षरे फिकट झाली असली तरी हा रकाना सोडू नये. समजा, वर्गणी महिना 10 रुपये आहे आणि वर्षाची जमा 60,000 रुपये आहे. भागाकार केला तर वर्षभर भरणारे 500 सभासद निघतात. पण त्यांतील 24,000 रुपये मागील थकबाकीचे असतील, तर चालू वर्गणीचा आधार 300 सभासदांपुरताच उरतो. थकबाकी ज्या वर्षाची असेल त्या वर्षात न्यावी. करारानंतर मिळालेली एकरकमी देणगी आणि लढा निधी मात्र वर्गणीत कधीही मिसळू नयेत. वर्गणीचा दर बदलल्याची तारीख कार्यकारिणीच्या ठरावातच पाहावी. वयोवृद्ध पदाधिकाऱ्यांच्या आठवणीवर ती सोडू नये.

खर्च तुलनेने सोपा आहे: पगार, भाडे, कोर्टखर्च आणि प्रवास वेगळे काढावेत. राजकीय कामासाठी कायद्याने स्वतंत्र निधी सांगितला असल्याने त्याचा तक्ताही स्वतंत्र ठेवावा.

प्रत्येक आकड्यासमोर पावतीपुस्तकाचा क्रमांक किंवा कीर्दीचे पान लिहावे, म्हणजे शंका घेणाऱ्या सभासदाला मूळ नोंद तिथल्या तिथे दाखविता येते.