ड्रायवॉलच्या ठिगळाचा पोत आजूबाजूच्या भिंतीशी कसा जुळवावा

अमेरिकेतल्या घरात दाराची मूठ आदळून भिंतीला पडलेलं भोक बुजवायला एक दुपार पुरते. ते बुजवलेलं कळू नये, यासाठी मात्र दोन दिवस हाताशी ठेवावेत. इथली भिंत म्हणजे उभ्या लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली अर्ध्या इंचाची ड्रायवॉल (दोन कागदांमध्ये दाबलेल्या जिप्समचा तक्ता), आणि बऱ्याच घरांत तिच्यावर बारीक उठावाचा थर फवारलेला असतो. त्या उठावात गुळगुळीत लिंपलेलं ठिगळ टकलासारखं चमकतं.

आधी पोत ओळखा

खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश तिरपा पाडा. समोरून न दिसणारे उंचवटे लगेच उठून दिसतात. संत्र्याच्या सालीसारखे गोल, बारीक फोड असतील तर तो ऑरेंज पील. नकाशातल्या बेटांसारखे चपटे, वेडेवाकडे डाग असतील तर नॉकडाउन. त्यात शिंतोडे उडवून त्यांचे माथे पात्याने दाबलेले असतात. सगळीकडे एकसारखा, अगदी सूक्ष्म खरखरीतपणा असेल तर बहुधा काहीही फवारलेलं नाही; वर्षानुवर्षं रोलरने दिलेल्या रंगाचीच ती खूण आहे. पोत ज्या पद्धतीने मूळ भिंतीवर आला, त्याच पद्धतीने आणला तरच जुळतो. ब्रशच्या टोकाने ठिपके देऊन ऑरेंज पीलची नक्कल करू नका. ती लांबूनही ओळखू येते. याच तिरप्या प्रकाशात एक फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

ठिगळ: सपाट आणि पातळ

भोकात टॉर्च मारून आत वायर किंवा पाइप नाही ना, ते बघा. मग भोकाभोवती ४ इंचांचा चौकोन आखून कापा. त्याच्या सगळ्या बाजूंनी ६ इंचांपर्यंतचा जुना पोत खरवडून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच काम बिघडतं: उंचवट्यांवर चढवलेलं कंपाउंड (भिंतीचे सांधे भरायची लांबीसारखी पेस्ट) कधी सपाट बसत नाही, टेंगूळ राहतं.

घर १९८० च्या आधीचं असेल तर मात्र खरवडण्यापूर्वी थांबा. ॲस्बेस्टॉस असलेल्या पॅचिंग कंपाउंडवर अमेरिकेत १९७७ मध्ये आणि शिसं असलेल्या घरगुती रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीची भिंत असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या, मगच हात लावा. छतावरच्या लाह्यांसारख्या पॉपकॉर्न थरालाही हेच लागू.

आता ड्रायवॉलचा ८ इंचांचा चौकोन घ्या. मागच्या बाजूने चारही कडांपासून २ इंच आत चीर द्या आणि कडेचा जिप्सम मोडून सोलून काढा; पुढचा कागद फाटू देऊ नका. मधला ४ इंचांचा ठोकळा भोकात बसतो आणि भोवतीची कागदी झालर सांध्यावर लावायच्या टेपचं काम करते. याला कॅलिफोर्निया पॅच म्हणतात. लहान भोकाला जाळीच्या टेपपेक्षा हाच बरा, कारण जाळीचा उंचवटा लपवायला खूप लांबवर लिंपावं लागतं.

झालरीखाली जॉइंट कंपाउंडचा पातळ थर देऊन ती ६ इंची पात्याने दाबून बसवा; कडेने बाहेर येणारं कंपाउंड पुसून घ्या. पाण्यात कालवायचं ४५ मिनिटांत घट्ट होणारं कंपाउंड वापरलं तर तीन हात एका दिवसात होतात; बादलीतल्या तयार कंपाउंडला प्रत्येक हातामागे साधारण २४ तास द्यावे लागतात. दुसरा हात १० इंची आणि तिसरा १२ इंची पात्याने, प्रत्येक वेळी थोडं पुढे नेत, कडेला शून्यावर आणत. आपले रंगारी लांबी ओढतात तसंच. लगतच्या जुन्या पोतावर गेलेलं कंपाउंड ओलं असतानाच स्पंजने पुसा, नाहीतर उठाव बुजतात. वाळल्यावर १५० नंबरच्या काचकागदाने घासा. धूळ छातीत जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क लावा.

पोत देण्याआधी प्रायमर

कोरडं कंपाउंड पाणी झपाट्याने शोषतं, त्यामुळे त्यावर पडलेला फवारा क्षणात चिकटतो. प्रायमर वाळल्यावर मात्र पाण्यावर आधारित पोताचा फवारा बिघडला तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा करता येतो. ही एक सोय नवख्या माणसाला दहा चुकांतून सोडवते.

ऑरेंज पीलसाठी पाण्यावर आधारित स्प्रे टेक्स्चरचा डबा घ्या. तेलावर आधारित डबा लवकर वाळतो, पण पुसता येत नाही. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा (गरम पाण्यात कधीच नाही, तो दाबाखाली असतो) आणि मिनिटभर जोरात हलवा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. नळी बारीक फवाऱ्यावर ठेवून सुरुवात करा, मग हळूहळू वाढवत न्या. क्वार्टरचं (२५ सेंटचं) नाणं पुठ्ठ्यावर आणि जुन्या भिंतीवर धरून त्याच्याएवढ्या जागेत किती फोड दिसतात ते मोजा. पुठ्ठा वाळू द्या, मग मघाच्या फोटोशी ताडून बघा. ओला पोत नेहमी ठळक वाटतो.

भिंतीपासून दीड-दोन फुटांवर डबा धरा, ठिगळाच्या बाहेर फवारा सुरू करा, हात सरकता ठेवून पलीकडे सोडा. एका जागी थांबलात की ओघळ. जुन्या पोतावर दोन-तीन इंच विरळ शिंतोडे जाऊ द्या, म्हणजे सीमारेषा पुसली जाते. कमी पडलं तर वर आणखी मारता येतं, म्हणून हात आखडता ठेवा. जमीन, एसीची जाळी आणि स्मोक अलार्म प्लॅस्टिकने झाका. काम संपल्यावर अलार्मवरचं आच्छादन आठवणीने काढा.

नॉकडाउनसाठी शिंतोडे मोठे हवेत. हाताने करायचं तर कंपाउंड धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. शिंतोड्यांची ओली चकाकी उडाली की रुंद पातं जवळजवळ वजन न देता एकदाच फिरवा. घाई केली तर सगळं लेपाळतं, उशीर झाला तर माथे तुटून पडतात. ही वेळ हवेतल्या ओलाव्यावर ठरते, म्हणून घड्याळावर विसंबू नका. पुठ्ठ्यावर दोन-तीनदा करून बघा.

रोलरच्या पोताला फवारा नकोच. सैल कंपाउंड अर्ध्या इंची लवेच्या रोलरने पातळ फिरवा.

नवा पोत जुन्यापेक्षा टोकदार दिसला तर कारण सोपं आहे: जुन्यावर रंगाचे चार-पाच थर चढलेले असतात आणि त्यांनी उंचवट्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. वाळल्यावर बारीक काचकागद अलगद फिरवा, म्हणजे ती धार जाईल.

मग पोतावर पुन्हा प्रायमर. हा राहिला तर रंग त्या जागी जास्त शोषला जातो आणि पोत हुबेहूब जुळूनही ठिगळ निस्तेज डाग म्हणून दिसत राहतं. शेवटचा रंग त्याच चकाकीचा, म्हणजे एगशेल (मंद चकाकीचा) असेल तर एगशेलच, रोलरनेच आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीला द्या. उरलेल्या जुन्या डब्यातला रंगसुद्धा उन्हाने उतरलेल्या भिंतीशी जुळत नाही.