जमा दिसली की नावे शोधा

बँकेच्या कर्ज विभागात मी २२ वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ वर्षं पैसा येतो कुठून हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचाही पत्ता नव्हता. समोर बसलेल्या कर्जदाराला छातीठोकपणे सांगायचे, "ठेवीदार ठेवतात, त्यातलेच आम्ही तुम्हाला देतो." आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग एका तिमाहीच्या शेवटी ताळा जुळेना, म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवसाच्या नोंदी एकेक करून तपासत बसले. एक कर्ज होतं १०,००,०००चं. कर्ज खात्याला नावे (डेबिट) दहा लाख, त्याच माणसाच्या चालू खात्याला जमा (क्रेडिट) दहा लाख. संपलं. कुणा ठेवीदाराच्या खात्यातून एक छदामही हललेला नव्हता. तरी मी तिसरी नोंद शोधत राहिले, कारण माझ्या डोक्यातल्या गोष्टीत ती असायलाच हवी होती. सकाळी नसलेली ठेव संध्याकाळी होती, आणि ती आम्हीच दोन ओळी लिहून तयार केली होती. पोहरा आधी भरून आला, आडात पाणी नंतर दिसलं.

यात गुपित काही नाही. बँक ऑफ इंग्लंड या ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने (आपल्याकडे जशी रिझर्व्ह बँक) २०१४मध्ये आपल्या त्रैमासिकात हेच छापलं, जर्मनीच्या बुंडेसबँकेने २०१७मध्ये. पाठ्यपुस्तकातल्या 'बँक म्हणजे निव्वळ मध्यस्थ' या चित्राला त्यांनीच काट मारली. तेव्हापासून अर्थकारणातला कुठलाही दावा कानावर आला की मी एवढंच करते: जमा दिसली की नावे शोधते, म्हणजे काही आलेलं दिसलं की ते कुणाच्या खात्यावर पडलं ते विचारते. पदवी लागत नाही, माझ्याकडेही नाही. एक वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, कारण पुढे खोडायचं आहे.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'बँकेला येणं', उजवीकडे 'बँकेचं देणं'. कर्ज दिलं की दोन्हीकडे १०० लिहा. आता कर्जदाराने ते १०० दुसऱ्या बँकेतल्या विक्रेत्याला दिले. उजवीकडची ठेव गेली, आणि दोन बँकांमधला हिशेब मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांवर मिटवावा लागला. म्हणजे बँकेला ठेवींची गरज असते, फक्त ती कर्ज दिल्यानंतर भासते. मग हप्ता आला. त्यातल्या मुद्दलाइतकी रक्कम दोन्ही बाजूंनी खोडा. कर्जाने आलेला पैसा फेडीने नाहीसा होतो. माझ्या ओळखीतल्या कित्येक हुशार माणसांना हे पटत नाही, म्हणून खोडरबर त्यांच्याच हातात देते.

इथे एक सावधगिरी. 'बँका हवेतून हवा तेवढा पैसा काढतात' असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. कर्ज बुडालं की बँकेचं स्वतःचं भांडवल कापलं जातं, तो पहिला लगाम. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर हा दुसरा. फेडेल असा माणूस सापडावा लागतो, हा तिसरा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२०मध्ये सक्तीच्या राखीव निधीचं, म्हणजे ठेवींपैकी बँकांनी बाजूला ठेवायच्या हिश्श्याचं, प्रमाण थेट शून्यावर आणलं; कर्जं काही त्यामुळे अमर्याद झाली नाहीत.

नावे-जमेचा हा चष्मा आपल्याला पटणाऱ्या दाव्यांनाही लावायचा, आणि तिथेच तो जास्त टोचतो. नोकरी सोडल्यावर एका अभ्यासमंडळात मी आवेशाने मांडलं: कर्ज देताना मुद्दल निर्माण होतं, व्याज होत नाही, म्हणून कुणीतरी बुडणारच, किंवा अर्थव्यवस्था वाढत राहणारच. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले एक निवृत्त हिशेबनीस उठले. म्हणाले, "बाई, व्याज तुमच्याकडे आलं. पुढे त्याचं काय झालं?"

मी गप्प. कारण त्याची नोंद मी २२ वर्षं दर महिन्याला स्वतः घेत होते: माझा पगार. कर्जदाराने १० व्याज भरलं, बँकेने ते पगारात दिलं, मी त्याच कर्जदाराच्या दुकानात खर्च केलं, पुढच्या व्याजाला तेच १० परत हजर. गणितात अडत नाही. अडतं ते व्याज मिळवणारे खर्चच करत नाहीत, साठवतात किंवा पुन्हा कर्जाऊ देतात तेव्हा. म्हणून आता मी प्रश्न बदलून विचारते. व्याज कुणाच्या खिशात थांबतं? आणि नवं कर्ज कशासाठी निघालं? नव्या यंत्रासाठी निघालं तर त्याच्यामागे उत्पादन येतं. आधीच उभ्या असलेल्या घरासाठी दोघांनी मोठमोठी कर्जं काढून बोली लावली, तर घर तेवढंच राहतं, किंमत चढते. बँकेच्या वहीत दोन्ही कर्जं हुबेहूब सारखी दिसतात.

आता अर्थव्यवस्थेची 'वाढ'. वर्षाचे टक्के ऐकले की ७०ला त्यांनी भागा. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. ३ टक्क्यांना साधारण २३ वर्षं. शंभर वर्षांत जवळपास १९ पट. २ टक्क्यांना शंभर वर्षांत सात पट. मग शांतपणे विचारा: १९ पट काय? उत्तर येईल की वाढतं ते पैशातलं मूल्य, वस्तूंचं वजन नव्हे. हे उत्तर थट्टेवारी नेऊ नका. काही देशांत उत्पन्न वाढूनही कार्बनचं उत्सर्जन खरोखर घटलं आहे. पण साऱ्या जगाचा हिशेब मांडला तर १९७० ते २०२० या काळात जमिनीतून आणि जंगलातून काढलेला माल तिपटीहून अधिक झाला. वजनाची बाजू अजून नावेच पडते आहे.

आणि 'सकल देशांतर्गत उत्पादन' म्हणताना 'सकल' या शब्दापाशी थांबा. सकल म्हणजे घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज, वजा न केलेलं. एखाद्या दुकानदाराने असा हिशेब दाखवून कर्ज मागितलं असतं तर मी फाइल परत केली असती. जंगल तोडून विकलं की लाकूड जमेला येतं. जंगल गेलं त्याची नोंद या आकड्यात कुठेच नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४मध्ये अमेरिकी काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब सादर केला, तेव्हाच बजावलं होतं की यावरून लोकांचं कल्याण ताडता येणार नाही. आयर्लंडचं २०१५चं उदाहरण तर मी पाठच केलं आहे: जुलै २०१६मध्ये जाहीर झालेल्या आकड्यानुसार वाढ २६ टक्के. परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला पुढे स्वतंत्र, सुधारित मोजमाप काढावं लागलं.

एवढं झालं की एकच बातमी घ्या, फार नको. तिच्यातला आकडा जमेला लिहा, आणि नावेची बाजू भरल्याशिवाय पान उलटू नका.

माझ्या वहीत एक पान तीन वर्षं तसंच आहे. वर लिहिलंय 'वाढ थांबली तर'. जमेकडे चार ओळी आहेत: जंगल, पाणी, हवा, उसंत. नावेकडे पहिली ओळ माझं निवृत्तिवेतन, कारण ज्या निधीतून ते येतं तो वाढीच्याच भरवशावर गुंतवलेला आहे. दुसरी ओळ दोनदा लिहून खोडली. कागद तिथे पातळ झालाय.