सतरा अंकी संख्येचे गुणधर्म कागदावर कसे शोधावेत

12,34,56,78,98,76,54,321 ही संख्या घेऊ. आपल्या जुन्या स्थानगणनेत तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे येतो. काम कागद-पेन्सिलीनेच करावे, कारण एक्सेल पहिले पंधराच अंक जपते आणि शेवटच्या 321 चे 300 करून टाकते.

प्रथम अंकांची बेरीज करावी. ती 81 येते, म्हणून 9 ने निःशेष भाग जातो. यानंतर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज घ्यावी: 12 + 345 + 678 + 987 + 654 + 321 = 2997. ही 999 ची तिप्पट आहे. 1000 ला 999 ने भागल्यास बाकी 1 उरते, त्यामुळे गटांच्या बेरजेला 999 ने भाग गेला की आपल्या संख्येलाही जातो. आणि 999 म्हणजे 27 × 37 असल्याने 37 हा अवयव हाती लागतो.

आता वर्गमूळ काढावे. ते नऊ एकांचे, म्हणजे 11,11,11,111 येते. ताळा पाहण्यासाठी या संख्येला तिनेच गुणण्याची उभी मांडणी अवश्य करावी. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे स्तंभांतील एकांची बेरीज 1, 2, 3 अशी 9 पर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले, तर मधल्या स्तंभात 10 येऊन हातचा सरकतो आणि 1234567900987654321 असे उत्तर येऊन ही सुरेख चढ-उतर मोडते.

वर्गमूळाचे मूळ अवयव 3 × 3 × 37 × 333667 असे पडतात. 333667 मूळ आहे का, हे तपासण्यासाठी 577 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहण्याची गरज नाही. तिची तिप्पट 1001001 आहे, आणि 1001001 च्या 3 वगळता प्रत्येक मूळ अवयवाला 18 ने भागल्यास बाकी 1 च उरते. त्यामुळे 19, 37, 73 अशा सतराच संख्या तपासाव्या लागतात. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. आपल्या सतरा अंकी संख्येत 3 चा घात 4 आणि इतर दोघांचा 2 असल्याने विभाजक 5 × 3 × 3 = 45 होतात.

शेवटची पायरी मला सर्वांत प्रिय आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ते ‘हर्षद’ म्हणत. आपल्या संख्येला 81 ने भागावे: 152415789971041, बाकी शून्य. आता आपल्या संख्येलाच 81 ने गुणावे. 999999998000000001 हा 999999999 चा वर्ग मिळतो. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली, की पुन्हा 999999999 च येते, आणि अशा संख्येला आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.