चवथीपूर्वी बुरशी पुसताना
पावसाळ्यात गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, डिचोलीकडच्या घरांत कपाटामागे आणि न्हाणीघराच्या छताला काळी-हिरवी बुरशी धरतेच. चवथीची (गणेश चतुर्थीची) साफसफाई करताना ती कोरड्या झाडूने खरवडू नका. बुरशीचे बीजाणू खोलीभर उडतात आणि दम्याच्या माणसाला त्याने धाप लागू शकते. आधी साबणाच्या पाण्याने जागा भिजवा, एन-९५ मास्क लावा, मग फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. ब्लीच वापरायचेच तर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. गळती न काढता नुसता रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली असावी म्हणतात. गोव्याच्या जुलैत ते कुठले जमायला! पण कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, झोपायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एवढ्यानेही फरक पडतो.

डासांची कॉइल मात्र बंद खोलीत नकोच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी, घरात बाळ असेल तर नक्कीच. धूप-अगरबत्ती माटोळीपुढे (गणपतीच्या वर फळे-फुले टांगून सजवतात ती) खुशाल लावा, फक्त आरतीला माणसे दाटली असताना खिडक्या उघड्या ठेवा.