लाटेकमध्ये मजकुरामागे रंग भरताना या चुका टाळा

लाटेक ही आज्ञा लिहून पानाची मांडणी करण्याची प्रणाली. तिच्यातल्या कलरबॉक्स या रंगीत चौकटीच्या आज्ञेच्या कंसात नवशिके अख्खा परिच्छेद कोंबतात आणि तो एकाच ओळीत पानाबाहेर पळाला, की लाटेकला नावे ठेवतात. ही आज्ञा ओळ मोडत नाही. ती दोन-चार शब्दांसाठी आहे. परिच्छेदासाठी तिच्या आत मिनिपेज, म्हणजे दिलेल्या रुंदीत ओळी मोडणारा कप्पा, घ्यावे लागते.

खरा घोळ त्यानंतर होतो. मिनिपेजला मजकुराची पूर्ण रुंदी दिली, की रंगीत चौकट ६ पॉइंट, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, जास्त रुंद होते. कारण एफबॉक्ससेप हे मजकूर आणि चौकटीची कड यांमधले अंतर मुळात ३ पॉइंट असते आणि ते दोन्ही बाजूंना लागते. परिच्छेदाची सुरुवातीची मोकळी जागा त्यात मिळाली, तर चौकट आणखी सरकते. एका स्वाध्यायपुस्तिकेच्या कामात माझ्या सहकाऱ्याने हे गणित टाळून टेक्स्टविड्थला, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या पूर्ण रुंदीला, ०.९५ ने गुणले आणि डोळ्यांना बरे दिसते म्हणून पुढे चालू ठेवले. ऐन छपाईच्या तोंडावर पुस्तिका दोन स्तंभांत करायचे ठरले. दोन स्तंभांतही टेक्स्टविड्थ म्हणजे दोन्ही स्तंभ मिळून होणारी रुंदी, त्यामुळे डावीकडची व्याख्येची प्रत्येक चौकट उजव्या स्तंभात घुसली आणि मजकुरावर मजकूर चढला. लाटेकच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ या रुंदीबाहेर गेल्याच्या इशाऱ्याची रांग लागली होती, पण ती वाचण्याची सवड कुणाला होती? ती रात्र मी एकेक चौकट दुरुस्त करण्यात घालवली. तेव्हापासून मी लाइनविड्थमधून, म्हणजे चालू स्तंभातल्या ओळीच्या रुंदीतून, एफबॉक्ससेपची दुप्पट वजा करतो, आधी सुरुवातीची मोकळी जागा काढणारे नोइंडेंट लिहितो आणि हे सारे एकाच स्वतःच्या आज्ञेत बांधून ठेवतो.

एका ओळीत अनेक शब्द रंगवताना ‘बाग’ आणि ‘कृती’ यांच्या पट्ट्या खालून कमीजास्त येतात, कारण पट्टी शब्दाच्या मापानेच बसते; प्रत्येक पट्टीत स्ट्रट, म्हणजे ठरावीक उंचीचा अदृश्य टेकू, घालावा.

सलग ओळींवर हायलाइटरसारखा रंग हवा म्हणून सोल हे पॅकेज (लाटेकला जोडायची पुरवणी) आणणाऱ्यांनी ते देवनागरीवर आधी चाचपून पाहावे. ते मजकूर सुटा करून रंगवते आणि त्यात माझी जोडाक्षरे फुटली आहेत. मी लुआलाटेक या लाटेकच्याच दुसऱ्या रूपात लुआ-यूएल हे पॅकेज वापरतो.

दोन पानांवर जाणाऱ्या चौकटीसाठी टीकलरबॉक्स या पॅकेजची चौकट घ्यावी, पण तिला पानावर मोडू देणारा ब्रेकेबल हा पर्याय द्यायला विसरू नये.

आणि रंग फिका ठेवावा: पिवळ्यापुढे उद्गारचिन्ह देऊन २० लिहिले, की २० टक्के पिवळा आणि उरलेला पांढरा मिळतो, आणि काळी अक्षरे त्यावर नीट वाचता येतात.